माझी पाठ कुणी पाहिलीच नाही

मी मल्टिमीटर बोलतोय. खिशातून गावभर हिंडतात ते माझे धाकटे भाऊ. मी टेबलावर ठाण मांडून बसणारा. विजेचा दाब किती, तारेत अडथळा किती, सेलमध्ये जीव किती उरलाय, हे मला विचारायचं आणि मी हिरव्या आकड्यांत उत्तर द्यायचं. खोटं मला बोलता येत नाही. गंमत बघायला मात्र फार आवडते.

माझी घडण जरा वेगळी आहे. वायरी खुपसायला पुढे भोकं आहेत, तशीच पाठीवरही आहेत. मोठ्या प्रयोगशाळांत वायरी मागूनच जोडून ठेवतात, त्यासाठी ही सोय. पुढचं ऐकायचं की मागचं, हे ठरवायला माझ्या चेहऱ्याच्या कोपऱ्यात एक बटण आहे. माझ्याच करड्या रंगाचं, दिसेल न दिसेल असं.

माझी पहिली नोकरी पंख्यांच्या कारखान्यात, तपासणीच्या खोलीत. तिथले साहेब मला फार मानत. इतकं, की चहाचा पेला माझ्याच डोक्यावर ठेवत. एकदा पेला उचलताना त्यांचं कोपर त्या बटणावर पडलं आणि माझे कान पाठीकडे गेले.

मग काय विचारता! साहेब पुढून वायरी लावून प्रश्न विचारतात आणि मी ऐकतोय मागचं. मागे तर काहीच जोडलेलं नाही. मी आपला वाऱ्यावर भटकणारे आकडे दाखवतोय. साहेबांनी मला थोपटलं, चापट मारली, फुंकर घातली, बंद करून पुन्हा चालू केलं. मी पोटात हसत होतो. अखेर ते म्हणाले, "वेडा झाला हा." सगळ्यांनी माना डोलावल्या. मागे येऊन पाहिलं कुणीच नाही.

कपाटात पडून राहिलो आणि शेवटी जुन्या सामानाच्या दुकानात आलो. दुकानदाराला सगळे मोडकाका म्हणत. विकण्याजोगी वस्तू ते खांद्यावरच्या फडक्याने खसाखसा पुसून गिऱ्हाइकासमोर ठेवत. मला त्यांनी कधी पुसलं नाही. वेड्याला नटवून करायचंय काय? उलट एके दिवशी ते शेजारच्या दुकानदाराला म्हणाले, "सोमवारी याची आकड्यांची काच काढून घेतो. बाकीचं तांब्याच्या ढिगात."

माझं हसू तिथेच आटलं.

नशीब असं, की सोमवार उजाडायच्या आत एक मुलगी आली, सोबत तिची आत्या. मुलगी दूर कुठेतरी शिकून परतलेली. दारातच मोडकाकांना सांगू लागली, "काका, वस्तू फेकायच्या नसतात, दुरुस्त करायच्या असतात."

"पोरी, लोकांनी फेकल्या नाहीत तर मी खाऊ काय?"

आत्या खुदकन हसली. "घरात हेच चाललंय रात्रंदिवस. मागची खोली दिलीय हिला दुरुस्तीसाठी. शिलाईचं मशीन हलवलं मी माझं! अजून एक माणूस फिरकलं नाही. या महिन्यात काही जमलं नाही, तर मशीन परत आत येणार."

"आत्या, धड मीटरच नाही माझ्याकडे. अंदाजाने दुरुस्ती करून लोकांना फसवू का?"

तिची नजर माझ्यावर पडली. "तो वेडा आहे," मोडकाका म्हणाले. तरी तिने मला उचललं. वायर सोललेली नाही ना ते पाहिलं, फ्यूज काढून पाहिला, माझ्या जाळीला नाक लावून जळका वास घेतला. मला गुदगुल्या झाल्या. मग चालू करून माझ्या दोन्ही वायरींची, म्हणजे प्रोबची, टोकं एकमेकांना टेकवली. तिथे शून्य यायला हवं. मी भटकतच होतो.

"बघ, म्हटलं नव्हतं?" मोडकाका म्हणाले.

मग इतक्या वर्षांत कुणी केलं नाही ते तिने केलं. मला गर्रकन फिरवलं.

"अगंबाई! याला मागेही भोकं आहेत!"

तिने प्रोब मागे लावले आणि टोकं टेकवली. मी शून्य दाखवलं. पर्समधला कोरा सेल लावला, मी दीड व्होल्टच्या जरासं वर बोललो. तिने बोटांनी माझा चेहरा चाचपला, बटण सापडलं, टक! प्रोब परत पुढे लावले आणि मी पुढून ऐकू लागलो.

आत्याने तिचा दंड दाबला. "एक अक्षर बोलू नकोस. भंगाराच्या भावात उचल आणि चल."

"छे! काका, हा ठणठणीत आहे. नुसतं बटण दबलं होतं."

आत्याने कपाळावर हात मारला. मीही मारला असता, हात असता तर. मोडकाकांचे डोळे चमकले. "ठणठणीत? मग भाव वेगळा हं!" त्यांनी खांद्यावरचं फडकं ओढलं आणि मला पहिल्यांदाच खसाखसा पुसलं. चेहरा, कडा, कोपरा आणि कोपऱ्यातलं बटण.

टक.

त्यांनी ऐटीत सेलला प्रोब लावले. मी भटकू लागलो.

"काका, पुसताना बटण पुन्हा दबलं. थांबा, मी दाखवते."

"राहू दे! दाबलं की शहाणा, पुसलं की वेडा? असला लहरी नवरदेव मी गिऱ्हाइकाच्या गळ्यात बांधू? तूच ने बाई, भंगाराच्या भावात."

"पण काका, खरंच—"

"ने म्हणतायत ना!" आत्याने मला कडेवर घेतलं आणि पायऱ्या उतरलीसुद्धा.

मागच्या खोलीत मी खिडकीशी बसलो. माणूस मात्र फिरकेना. आत्या येता-जाता कोपरे निरखू लागली, मशीन कुठे बसेल ते. मुलगी रोज मला पुसे, बटण सांभाळून, आणि दाराकडे बघे.

महिना सरत आला तेव्हा दार वाजलं. मोडकाका! बगलेत जुना रेडिओ.

"हाही वेडा आहे म्हणतात," ते खाकरले. "फोडायला घेतला होता. मग हात अडला. म्हटलं, याचंही कुठे काही दाबायचं राहिलंय का, ते तू बघ."

त्याचा दोष बटणाचा नव्हता, आत एक तार तुटली होती. ती मी शोधली. दुपारी रेडिओ गायला लागला आणि मोडकाका सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असा आवाज मोठा करून निघून गेले. त्याच आठवड्यात शेजारीण इस्त्री घेऊन आली. आता आत्या स्वतः दारात उभी राहून लोकांना आत घेते आणि "आमचा मीटर" म्हणून माझी ओळख करून देते.

कामाची गर्दी आहे, तेव्हा निघतो. तुमच्याकडेही काही बिघडलेलं असेल तर जरूर घेऊन या. फक्त त्याच्याबद्दलची मतं घरी ठेवून या.