कुलपाच्या मापाचा पडदा

कारखान्याच्या हॉकी टीमच्या गोलकीपरला सगळे कुलूप म्हणायचे. ज्याने ते नाव ठेवलं त्याने कौतुकाने ठेवलं होतं, पण कौतुकालाही कधी ना कधी गंज चढतोच. हल्ली पॅकिंग खात्यात दिवसभर उभं राहून कुलूप संध्याकाळी मैदानावर यायचा आणि पॅड बांधायला बाकावर बसताना असा सुस्कारा टाकायचा की शेजारच्यालाही दमल्यासारखं वाटावं. पॅड बांधायचे म्हणजे हाताचं काम. बांधून झाल्यावर बाकावरून उठायचं, तिथे खरी परीक्षा होती.

त्याच्या डाव्या बुटाची नाडी कधी सुटत नसे. बूट चढवायच्या लांब दांड्याच्या चमच्याने तो पाय तसाच बुटात ढकलायचा. कोणी विचारलं तर म्हणायचा, "हंगाम संपेपर्यंत डावी नाडी सोडायची नाही. शकुन आहे माझा." गोलकीपर ही जातच जरा चक्रम, त्यामुळे सगळ्यांनी मान डोलावली. दोन फॉरवर्डनी तर आपल्याही नाड्या सोडायच्या बंद केल्या.

खरी गोष्ट अशी होती की वाकून डाव्या नाडीपर्यंत त्याचा हात पोचत नव्हता. डावा खुबा झिजला होता. हाडांच्या डॉक्टरने स्पष्ट सांगितलं होतं की आता खेळणं पुरे. कुलपाने ते एका कानाने ऐकलं आणि घरी येऊन बायकोला सांगितलं, "नस आखडलीय म्हणाले." बायकोने "बरं" म्हटलं आणि पुन्हा शिलाईचं मशीन चालवायला घेतलं.

त्याला फक्त एक रविवार हवा होता. इतकी वर्षं तो त्या गोलात उभा होता आणि टीम पहिल्यांदाच अंतिम सामन्यात पोचली होती. तो सामना खेळायचा, मग पॅड खुंटीला. तोवर कोणाला कळू द्यायचं नाही. म्हणून तो गोलात जरा डावीकडे सरकून उभा राहायचा, म्हणजे डावीकडे जायचं अंतरच कमी. समोरचे उजवीकडची मोकळी जागा बघून मारायचे आणि उजवा पाय अजून शाबूत होता. आपल्या लोकांत ही चलाखी खपून गेली. खपली म्हणून तो खूश नव्हता. लबाडी करायलाही ताकद लागते आणि ती रोज संध्याकाळी संपलेली असायची.

अशात मास्तरांना कल्पना सुचली. मास्तर म्हणजे टीमचे प्रशिक्षक, एके काळचे सेंटर हाफ, आवाज अजून मैदानभर पोचणारा. ते म्हणाले, "आपले फॉरवर्ड गोलकीपर बघून बॉल मारतात, जागा बघून मारत नाहीत. गोलाला पडदा लावू या. पडद्याला भोकं. बॉल भोकातून गेला तर गोल, कापडावर बसला तर अडला. आणि कुलपाला सामन्यापर्यंत विश्रांती."

"बाजारात मिळतो की तसला पडदा. चार कोपऱ्यांना चार भोकं," कोणीतरी म्हणालं.

"ती चार भोकं साऱ्या जगाला पाठ आहेत. मला खऱ्या गोलकीपरच्या मापाचा पडदा हवाय." मास्तर कुलपाकडे वळले. "तू पोचतोस तिथे कापड. तू पोचत नाहीस तिथे भोक. घरचंच तर दुकान आहे, वहिनींकडून शिवून आण."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. कुलूपही हसला. हसण्यावाचून दुसरं काय हातात होतं?

बायकोचं दुकान ताडपत्र्यांचं होतं. ट्रकवर घालायच्या, दुकानापुढे बांधायच्या, भंगार झाकायच्या, सगळ्या तिथे शिवून मिळायच्या. दुकानात डांबराचा आणि मशीनच्या तेलाचा वास. तिने मधलं सामान भिंतीला सारलं, गोलाच्या आकाराची निळी ताडपत्री जमिनीवर पसरली आणि हातात खडू घेतला.

"झोपा," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"उताणे झोपा मधोमध. पावलं खालच्या काठाला. गोलात उभे आहात असं समजा. तुम्ही हात-पाय ताणा, मी खडूने आखते. ट्रकचं माप घ्यायला मी ट्रकलाच बोलावते, ट्रकच्या चुलत्याला नाही."

कुलूप निमूटपणे झोपला. खरं तर पाठ टेकल्यावर इतकं बरं वाटलं की तिथेच डोळा लागला असता. तिने उजवा हात ताणायला सांगितला आणि तो ताणला गेला, डावाही गेला. उजवा पाय काठाकाठाने सरकत लांब गेला, तिच्या खडूने त्याच्यामागून कमान काढली. मग ती त्याला वळसा घालून दुसऱ्या बाजूला आली.

"डावा."

डावा पाय निघाला. थोडा गेला आणि थांबला. कुलपाने दातावर दात दाबले, छताकडे बघितलं, अजून जरासा रेटला. पाय जागचा हलला नाही. उजव्या बाजूच्या कमानीपेक्षा ही कमान चांगली हातभर आखूड होती. निळ्या कापडावर पांढऱ्या खडूने ते आंधळ्यालाही दिसलं असतं.

बायको खडू धरून गुडघ्यांवर बसून राहिली. मशीनवरचा पंखा फिरत होता.

"आज जरा जास्तच आखडलीय," कुलूप म्हणाला. "तू असं कर, उजव्यासारखंच डावीकडे आख. एरवी जातो तेवढा."

"एरवी जातो?"

"जातो म्हणतो ना!"

त्याचा आवाज चढला आणि त्याची त्यालाच लाज वाटली. इतक्या वर्षांच्या संसारात तो असा जमिनीवर पडून तिच्यावर कधी ओरडला नव्हता. तिने डावीकडची रेघ हाताने पुसली, ताडपत्री मधोमध दुमडली आणि उजव्या बाजूची भोकं तशीच्या तशी डावीकडे उतरवली. शिंपीकाम करणारे असंच करतात, अर्धं आखायचं आणि दुमडून पुरं करायचं. वर दोन कोपऱ्यांत दोन भोकं, खाली अगदी खांबांजवळ दोन, आणि दोन्ही काखांपाशी एकेक. ती भोकं कुलपाने स्वतःच सांगितली, तेवढा प्रामाणिकपणा त्याला परवडत होता.

दोन दिवसांनी पडदा घेऊन तो मैदानावर गेला. बायकोही बरोबर आली. "कड्या ताणून बांधल्या नाहीत तर शिवण उसवते," एवढंच म्हणाली. मास्तर आणि इतर पुढून पडदा धरून उभे राहिले आणि कुलूप मागून, गोलाच्या आतून, दोऱ्या बांधायला गेला. तिथे त्याला ते दिसलं.

मागच्या बाजूला, खाली, त्याच्या डाव्या हाताला, ताडपत्रीचं एक ठिगळ होतं. चारी बाजूंनी टिचबटणांनी बसवलेलं. पुढून बघणाऱ्याला तिथे सरळ कापड दिसत होतं. मागून बघणाऱ्याला कळत होतं की ठिगळाखाली भोक कापलेलं आहे, कडा दुहेरी शिवणीने नीट दुमडलेल्या आहेत. पाय जिथे थांबला होता त्याच्या जरा पलीकडेच. हातभर रुंद.

त्याने पडद्याच्या फटीतून बायकोकडे बघितलं. ती एका खांबाची गाठ तपासत होती.

सराव सुरू झाला. कुलूप बाकावर बसला. शेजारी स्टोअरवाला होता. तो स्टोअरमध्ये सामान देणारा माणूस आणि टीमचा राखीव गोलकीपर. वर्षानुवर्षं पॅड बांधून बाकावर बसायचा आणि कोरड्या पॅडने घरी जायचा. पण कधी तक्रार नाही की कुलूप आजारी पडावा म्हणून नवस नाही. उलट कुलपाच्या पाण्याची बाटली तोच भरून आणायचा.

पहिला बॉल खाली डावीकडे आला. बरोबर त्या ठिगळावर बसला आणि खाली पडला.

"अडवला कुलपाने!" फॉरवर्ड ओरडले.

दुसराही तिथेच गेला. तिसरा काखेच्या भोकातून गेला, मग पुन्हा एक त्याच जागी. दर वेळी ताडपत्रीचा मऊ आवाज यायचा आणि सगळे खो खो हसायचे. "कुलपाला किल्लीच नाही!" सेंटर फॉरवर्ड म्हणाला. स्टोअरवालाही हसून म्हणाला, "बघा, तुम्ही नसतानाही अडवता."

कुलपाला ते हसणं सोसेना. त्यातला एकही बॉल त्याला अडवता आला नसता हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक होतं? त्याच्या नावाने एक ताडपत्री खोटं बोलत होती आणि लोक टाळ्या पिटत होते.

"परवाची टीम हुशार आहे," मास्तर सांगत होते. "सुरुवातीला नुसतं गोलकीपरला चाचपतात. कुठे कमी पडतो ते बघतात, मग सगळं तिथेच ओततात. पण आपल्याला ती काळजी नाही."

कुलूप बाकाचा काठ धरून उठला. नेहमीसारखाच दोन टप्प्यांत उठला, पण आज कळ लपवायला तोंड फिरवलं नाही. मैदान ओलांडून तो गोलाच्या मागे गेला, जाळी उचलून आत शिरला. पुढच्यांना फक्त पडदा हलताना दिसला आणि आवाज ऐकू आले. टिच. टिच. टिच. मग ठिगळ खाली पडलं आणि निळ्या कापडात हातभर भोक उघडलं. भोकातून त्याचा डावा बूट दिसत होता.

कोणी हसलं नाही. पडद्याचा नियम सगळ्यांना माहीत होता. तू पोचत नाहीस तिथे भोक.

मास्तर पडद्याजवळ आले. "कधीपासून?" त्यांनी विचारलं. त्यांचा मैदानभर पोचणारा आवाज जेमतेम पडद्यापर्यंत आला.

"झालं वर्ष." कुलूप बाहेर आला. "रविवारी स्टोअरवाला. त्याचे दोन्ही पाय जातात." मग सेंटर फॉरवर्डकडे वळून म्हणाला, "मार रे आता. आता माप बरोबर आहे."

सेंटर फॉरवर्डने मान हलवली. त्याला मारवेना. शेवटी मास्तरांनी हुकूम सोडला तेव्हा त्याने मारलं. बॉल सरळ भोकातून गेला आणि मागच्या फळीवर धाडकन आदळला. आयुष्यभर कुलपाने त्या आवाजाचा राग राग केला होता. तो पुन्हा जाळीत शिरला, बॉल उचलला आणि बाहेर टाकला. ते काम त्याच्या अंगवळणी होतं.

बाकावर स्टोअरवाला मान खाली घालून बसला होता. कुलपाने आपली पाण्याची बाटली त्याच्या हातात दिली. "पी. पंधरा पावलं धावलास तरी घसा कोरडा पडतो त्या गोलात. उद्या लवकर ये, मी दाखवतो कुठे कसं उभं राहायचं ते."

घरी परतताना बायकोने दुकानाचं दार उघडलं आणि त्याला स्टुलावर बसवलं. मग तो म्हणाला, "ते भोक केव्हा कापलंस? रात्री मी झोपल्यावर?"

"तुम्ही ताडपत्रीवर झोपायच्या आधीच. मास्तरांचा निरोप आणलात त्याच दिवशी कापून मागून ठिगळ लावून ठेवलं होतं."

"म्हणजे मापाशिवाय?"

"वर्षभर तुम्हाला पलंगावरून उठताना बघतेय. अजून कसलं माप घ्यायचं?" ती म्हणाली. "पण उघडायचं की नाही ते तुमचं होतं. म्हणून बटणं लावली."

कुलपाला एकदम फार थकल्यासारखं झालं. साऱ्या वर्षाचा थकवा आत्ताच येऊन अंगावर बसला. त्याने हळूहळू डावा पाय पुढे केला, जेवढा जात होता तेवढा.

बायको खाली बसली. ती नाडी इतक्या महिन्यांत मातीने आणि पाण्याने दगड झाली होती. तिने दाभण घेतलं, गाठीत खुपसलं आणि वर बघितलं.

"सोडू?"

"सोड," तो म्हणाला.