कोपऱ्यावरचा थांबा

ऑर्लिनच्या पुढ्यातला दिवा लाल झाला, तरी तो बोलतच राहिला. नगरसभेत ज्याला त्याला तीन मिनिटं. दिवा लाल झाला की गप्प खाली बसायचं, हा गावचा शिरस्ता.

"नवं घर बांधणाऱ्यानंच का भरायचं? रस्ता काय तो एकटाच झिजवतो? माझी लेक मार्नी पोटुशी आहे. कुरणाच्या कडेला तिच्यासाठी दोन खोल्या टाकतोय. पाया खणून झालाय. त्यावर तुमचा हा आठ हजार डॉलरचा भुर्दंड. मग छप्पर कशाचं घालू? आभाळाचं?"

"बहिणीलाच विचार की! समोरच बसलीय," मागून कुणीतरी म्हणालं.

हशा पिकला. नगरसभासदांच्या रांगेत बसलेली वर्ना हसली नाही. ऑर्लिन आपला सख्खा भाऊ, हे तिनं सभेच्या सुरुवातीलाच सांगितलं होतं. ठराव साऱ्या गावाला लागू, तेव्हा मत देता येईल, असं नगरसभेचा वकील म्हणाला. येणार नाही म्हणाला असता, तर बरं झालं असतं.

तिची नजर अधू होत चालली होती. सरळ पाहिलं की समोरच्याचा चेहराच पुसला जायचा. कडेकडेचं तेवढं दिसायचं. भावाला पाहण्यासाठी तिनं मान जराशी वळवली. लोकांना वाटलं, तिनं तोंड फिरवलं.

खोऱ्यातली बस बंद पडल्यापासून ती या ठरावामागे होती. नव्या घरांवरच्या या शुल्काच्या पैशातून बस पुन्हा धावेल. दारात बसून दुसऱ्याच्या गाडीची वाट पाहणारी म्हातारी माणसं तिला नावानिशी ठाऊक होती. आता तीही त्यांतलीच.

मतं समसमान पडली. शेवटचं नाव तिचं.

"हो," वर्ना म्हणाली.

बाहेर सफरचंदांच्या बागांवरून उन्हं उतरत होती. एकेक गाडी निघून गेली. ती कठडा धरून उभी राहिली. दर सभेला ऑर्लिनच तिला आणायचा, न्यायचा. आजही त्याच्याच गाडीतून आली होती. वाटभर दोघं फक्त पिकाबद्दल बोलली होती.

ओळखीची खडखड जवळ येऊन थांबली. दार आतून उघडलं.

"चढ. पायरी उंच आहे."

"तू थांबशील असं वाटलं नव्हतं."

"मग काय चालत जाणार होतीस? तुझी बस अजून कागदावरच आहे."

कुरणाच्या कोपऱ्याशी त्यानं गाडी हळू केली. पायाच्या खुंट्यांना बांधलेली दोरी वाऱ्यानं हलत होती.

"यंदा नाही जमायचं," तो म्हणाला. मग कोपऱ्यावरच्या अक्रोडाच्या झाडाकडे पाहत, "बसचा थांबा कुठं करणार?"

"ठरलं नाही अजून."

"त्या अक्रोडाखाली करा. तुला उन्हात डोळे उघडवत नाहीत."

वर्नानं मान जराशी खिडकीकडे वळवली. तसं केलं, की त्याचा चेहरा दिसायचा.