लोखंडी नळी

आमच्या समुद्र-संशोधन संस्थेला पन्नास वर्षं झाली म्हणून प्रदर्शन भरवायचं ठरलं, आणि पाट्या लिहायचं लोढणं माझ्या गळ्यात आलं. पहिलं जहाज, पहिली सफर, वादळांचे अंदाज, समुद्रतळाचे नकाशे. पराक्रमांची नुसती रेलचेल! माझे बाबा याच जहाजावर डेकवर कामाला होते. मी शाळेत असताना ते भर समुद्रात पाण्यात पडले, ते परत आलेच नाहीत.

त्या वेळी तळाचा गाळ काढायची लोखंडी नळी तारेला बांधून खोल सोडली होती. तार पाण्यात असताना जहाज वळवत नाहीत, ती पंख्यात अडकते. सफरीचे प्रमुख घरी आले आणि त्यांनी आईला सांगितलं, "आम्ही लगेच तार तोडली. नळी गेली तर गेली म्हटलं, आणि त्यांना शोधायला वळलो." आईने त्या बोलण्यावर जन्म काढला. संस्थेविरुद्ध कोणी ब्र काढला, की ती अंगावर धावून जायची.

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी गोदामातून शेवटची पेटी आली. आत तीच नळी होती, त्या सफरीची तारीख घातलेली चिठ्ठी अजून तिला बांधलेली. ते प्रमुख पुढे संचालक होऊन निवृत्त झाले. आम्ही त्यांना थोरले सर म्हणतो. ते पाहणीला आलेच होते.

"सर, ही तर तोडून टाकली होती ना?"

ते खुर्चीत बसले. "एकच होती गं आपल्याकडे. आणि तो पट्टीचा पोहणारा. वाटलं, तग धरेल. सकाळी पडला तो, नळी वर घेईपर्यंत दुपार टळली."

"आणि गाळ?"

"त्याच गाळावर तर संस्थेचं नाव झालं."

"मग आईला तसं का सांगितलंत?"

"काहीतरी सांगायला हवं होतं ना."

मला त्यांचा गळा धरावासा वाटला. पण दुसऱ्या दिवशी स्टेजवर आईचा सत्कार होता. मी नळी पेटीत घालून परत पाठवली. आईला सकाळी घरीच सांगायचं, असं मी ठरवलं.

सकाळी ती आरशासमोर भाषण घोकत होती. "तोंड का पाडलंयस? सत्कार माझा आहे, परीक्षा तुझी नाही."

"आई, थोडं बोलायचंय."

"नंतर बोल. मी विसरेन सगळं."

मी तिच्या पदराला पिन लावून दिली.

सभागृह भरलं होतं. आई माईकसमोर उभी राहिली आणि पहिल्या रांगेतल्या सरांकडे बघून म्हणाली, "साहेब, तुम्ही माझ्या माणसासाठी एवढी महागाची वस्तू पाण्यात सोडलीत. तो वाचला नाही. पण तुम्हाला तो जास्त मोलाचा वाटला, एवढ्यावर मी दिवस काढले. आज सगळ्यांसमोर तुमचे आभार मानते."

टाळ्यांचा कडकडाट झाला. सरही मान खाली घालून टाळ्या वाजवत होते. आईने गर्दीत मला शोधून काढलं आणि ती माझ्याकडे बघत राहिली, म्हणून मीही वाजवल्या.