मालकांच्या हातातला माईक

आमच्या मालकांचा आवाज घोडेगावापासनं आळेफाट्यापर्यंत कुणालाबी विचारा. बैलगाड्यांच्या शर्यतीच्या घाटात माईक त्यांचाच. गाडा सुटला की ह्यांची जीभ बैलांच्या पुढं पळती. घटकाभर गप बसायचं म्हटलं तर ह्यांच्या पोटात दुखतं. घरात जेवतानाबी कालवणात मीठ कमी हाय हे निम्म्या आळीला कळतं.

अन् त्याच माणसाला पोरीनं गप ऱ्हायला सांगितलं व्हतं.

आरोही आमची थोरली. पुण्याला मावशीकडं ऱ्हायली, तिथंच एका बाईंकडं पियानो शिकली, आता दुसऱ्यांना शिकवती. विद्यापीठाचा ऑर्केस्ट्रा आमच्या घोडेगावात येणार ठरलं, तवा पियानोला पाहुणी म्हणून त्यांनी तिलाच बोलवलं. मला धास्ती वेगळीच, माईक मालकांच्याच हातात असणार व्हता. ल्हान असताना शाळेच्या कार्यक्रमात ती पेटी वाजवत व्हती, तवा मालकांनी मधीच माईक उचलला अन् पोर कुणाची, मामा कोण, समदं पुकारलं. लोक हसले. पोर उठली ती रडतच घरी आली. त्या दिवसापासनं गावात तिनं एक सूर वाजवला न्हाई.

ह्या खेपेला तिनं बापाला समोर बसवलं. सुरुवातीला माझं नाव सांगा म्हनली, मग मी उठून उभी ऱ्हाईपर्यंत एक शब्द नको. बोललात तर तिथनंच उठून जाईन, अन् पुन्यांदा ह्या गावात वाजवणार न्हाई. मालक बरं म्हनले. मी मनात म्हटलं, झालं कल्याण.

मंगल कार्यालय गच्च भरलं. ऑर्केस्ट्रा म्हंजे सिनेमाची गाणी, ह्या हिशोबानं अर्धा तालुका लोटलेला. मालकांनी पोरीचं नाव सांगितलं अन् माईक छातीशी धरून स्टेजच्या कडंला उभे ऱ्हायले. मी पहिल्या रांगेत. माझी नजर पोरीवर न्हाई, त्यांच्या व्हटावर.

वाजवणं सुरू झालं. मला त्यातलं काय कळत न्हाई, खोटं कशाला बोलू? पण लोक गाणी मागायचं इसरले, तंबाखू मळणारे हात थांबले. मालकांचे व्हट दोनदा हलले अन् दोनदा मिटले.

तेवढ्यात बाहेर जीप थांबली. धर्माजीशेठ आले. प्रमुख पाहुणे तेच, अन् घाटाची कमिटीबी त्यांचीच, म्हंजे मालकांचा माईक त्यांच्याच मर्जीवर. आमच्याकडं रीत अशी, की मोठा माणूस आला की चाललंय ते थांबवायचं, माईकवर आगमन पुकारायचं, शाल-नारळ द्यायचा, मग पुढं. त्यासाठी तमाशा थांबतो, कीर्तन थांबतं. न्हाई थांबवलं तर भर सभेत फेटा उडवल्यासारखं व्हतं.

शेठ दारातच उभे ऱ्हायले, पाठीमागं त्यांची माणसं. नाव पुकारल्याबिगर ते पाऊल टाकणार नव्हते. अन् नेमकी तवाच बाकीची वाजंत्री थांबली. एकटी आरोही वाजवत व्हती, लई हळू. पंख्याची घरघरबी तिच्यापेक्षा मोठी वाटत व्हती.

शेठचा माणूस भिमाजी वाकत वाकत मालकांपाशी गेला अन् कानाला लागला. मालकांनी मान हलवली न्हाई. भिमाजीनं सरळ माईकलाच हात घातला. मालकांनी हिसडा देऊन तो सोडवला अन् तोंडापाशी नेला.

आरोहीनं बघितलं. हात चालू व्हते, पण मान ताठ झाली. अगं बाई, आता गेली पोर, असं म्हणत मी पदराचा बोळा तोंडात कोंबला.

मालकांनी अंगठ्यानं माईकचं बटण बंद केलं. माईक काखेत मारला, तिथनंच शेठला दोन्ही हात जोडले, अन् मग व्हटावर बोट ठेवलं. शेठला! भर कार्यालयात!

शेठ वळले अन् निघाले. त्यांची माणसंबी मागोमाग गेली. चैतातल्या जत्रांच्या शर्यतींचा माईक हातचा गेला, हे मला तिथंच कळलं. वाईट वाटलं की. पण पोर वाजवतच व्हती, अन् माझा आनंद छातीत मावत नव्हता.

संपलं तवा आरोही उठून उभी ऱ्हायली. टाळी कुणी वाजवंना. आमच्या लोकांना सवय, शर्यत संपली की निकाल माईकवरनं कळायचा. समदे मालकांच्या तोंडाकडं बघाय लागले.

आता बोलायची मुभा व्हती. मालकांनी बटण चालू केलं, तोंड उघडलं. आवाज आला न्हाई. पुन्यांदा उघडलं. डोळ्यातनं नुसत्या धारा. पोर तिथं वाट बघत उभी.

मी उठले अन् स्टेजवर चढले. ह्यांचं नाव मी लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच, नंतर कधी तोंडातनं काढलं न्हाई. त्यांच्या हातातनं माईक घेतला.

"ही आरोही," मी म्हटलं, "बहिरूरावांची लेक."

मग टाळ्या पडल्या. पोर बापाच्या गळ्यात पडली.

चैतात घाटात दुसऱ्याच गड्याचा आवाज घुमला. मालक ओट्यावर बसून ऐकत व्हते. मी भाकरी घेऊन गेले तवा म्हनले,

"लई बोलतोय गं हा. मधी जरा गप बसावं माणसानं."