सातवा रकाना

"कोणी गेलंय का हो या घरात?"

मुकादमाने पहार भिंतीला टेकवून, हातात कार्ड धरून विचारलं. कार्डकाका चपापले. गेली अकरा वर्षं हा प्रश्न ते स्वतः लोकांना विचारत आले होते. पण तो ऐकणाऱ्याला असा लागतो, याची त्यांना कल्पना नव्हती.

"माझ्याकडे असं बघू नका, काका. स्वतःच्या घराचं कार्ड स्वतः भरायचं नाही, हा नियम तुमचाच. सांगा पटकन, माणसं खोळंबलीत."

"आधी बाकीचं घे. लाकूड सागवानी. दोन झडपा, काचेच्या. कडी पितळी."

"ते लिहून झालं. आता सातवाच राहिलाय."

खिडकी तोवर चौकटीसकट भिंतीतून सुटी झाली होती आणि दोन माणसं ती धरून उभी होती. भिंतीत तिच्या जागी खिडकीएवढंच भोक होतं आणि त्यातून पूर्वीसारखंच सगळं दिसत होतं. कार्डकाकांना याचं नवल वाटलं.

ते ज्या संस्थेत नोकरीला होते तिचं काम सोपं होतं. जुन्या इमारती यंत्र लावून पाडायच्या नाहीत, माणसं लावून उतरवायच्या. दारं, खिडक्या, फरशा, नळ, पत्रे सगळं धड सुटं करायचं, गुदामात आणायचं आणि ज्यांना घर बांधायला काही परवडत नाही त्यांना फुकट द्यायचं. प्रत्येक वस्तूला एक कार्ड आणि कार्डाला रकाने सहा. सातवा नंतर आला. एक गृहस्थ नेलेलं दार आठ दिवसांनी डोक्यावर घेऊन परत आले. त्यांना कोणीतरी सांगितलं होतं, की मूळ घरातले आजोबा शेवटचे याच दारातून बाहेर गेले. आजोबा दुसरे कुठून जाणार होते, हे त्यांना कोणी विचारलं नाही. संस्थेच्या मॅडम म्हणाल्या, "आपण पारदर्शक राहू." आणि छापखान्यातून नवी कार्डं आली : 'सदर घरात कोणी मृत्यू पावले आहे काय? होय / नाही.'

'होय' लिहिलेली वस्तू कोणी नेईना. नव्वद दिवसांत जी गेली नाही ती करवतीखाली, असा दुसरा नियम होता. चांगल्या लाकडाचं सरपण होताना कार्डकाकांना बघवेना. देणाऱ्याने काहीही सांगितलं, अगदी बोटांवर तीन पिढ्या मोजून दाखवल्या, तरी ते मान डोलवायचे आणि 'नाही'वर खूण करायचे. त्यांच्या कार्डांवर विश्वास ठेवायचा, तर अकरा वर्षांत त्या शहरात एकही माणूस घरी वारला नव्हता. साठ-साठ वर्षांच्या घरांतून लोक बहुधा बदली होऊन गेले होते.

आता ते स्वतः राहत होते तीच इमारत उतरवायला निघाली होती. बायकोची कॉट दोन वर्षं या खिडकीला लागून होती. एका मंगळवारी दुपारी पावणेचारला ती म्हणाली, "झडप जरा लोटा, ऊन येतंय." त्यांनी लोटली, कडी घातली, वळले. तेवढ्यात झालं होतं. मग धावाधाव, दवाखाना. तिथल्या डॉक्टरांनी पाच वाजून दहा मिनिटांनी जाहीर केलं आणि दाखल्यावर ठिकाण म्हणून दवाखान्याचं नाव पडलं.

"कागदाप्रमाणे बघायला गेलं तर 'नाही'च येतं," कार्डकाका म्हणाले.

"कागदाचं सोडा. काकूंना खुर्चीत बसवून खाली आणलं, तेव्हा खुर्चीचे पुढचे पाय मी धरले होते," मुकादम म्हणाला. "मला ठाऊक आहे."

"मग ठाऊक असलेलं लिही."

"सांगायचं तुम्ही, काका. मी नुसता लिहितो. तेही हळू."

कार्डकाकांनी भिंतीतल्या भोकाकडे पाहिलं. "होय लिही," ते म्हणाले, आणि आपण असं का म्हणालो ते त्यांना कळलं नाही.

पुढचे अडीच-तीन महिने खिडकी गुदामात उभी होती. लोक यायचे, लाकडावरून हात फिरवायचे, कडी वाजवून बघायचे आणि कार्डाच्या तळाशी पोचले की तवा लागल्यासारखा हात काढून घ्यायचे. कार्डकाका पलीकडच्या टेबलावरून बघत राहायचे. कोणी गेलं की त्यांना बरं वाटायचं आणि लगेच वाईट वाटायचं. हा क्रम उलट असायला हवा का, याचा त्यांनी बराच विचार केला.

लेकीला फोनवर सांगितलं तर ती वैतागली.

"बाबा, जगासाठी हजारदा खोटं लिहिलंत ना? मग आईच्याच वेळी कुठून हरिश्चंद्र अंगात आला? 'नाही' लिहा नि मोकळे व्हा."

"म्हणजे ती घरी गेली नाही, असं?"

"दाखल्यावर तसंच आहे ना?"

"अगं, पण दाखला चुकीचा आहे."

"मग खिडकी ठेवून घ्या."

"भाड्याच्या खोलीत कुठे लावू? भिंत मालकाची."

"मग तोडू दे त्यांना."

कार्डकाकांनी फोन दुसऱ्या कानाला लावला. मग लेकच म्हणाली, "जेवलात का?"

एकोणनव्वदाव्या दिवशी कार्डकाकांनी खिडकीचं कार्ड टेबलावर आणलं आणि शेजारी कोरं कार्ड घेतलं. स्वतःचाच नियम मोडून सहा रकाने सुबक अक्षरात भरले आणि सातव्याशी पेन थांबलं. 'होय' लिहिलं तर उद्या करवत. 'नाही' लिहिलं तर ती मंगळवारची दुपार गेली. तिसरं काही छापलेलं नव्हतं.

तेवढ्यात फाटकात एक टेम्पो येऊन थांबला. पुढे बसलेल्या म्हाताऱ्या बाईंचे गुडघे धरलेले असावेत. त्या जागेवरूनच सूचना देत होत्या. सून एकटीच आत आली. तिच्या हातात मापाच्या दोन गाठी मारलेली सुतळी होती. चार-पाच खिडक्यांना ती लावून झाली. मग तिने ती या चौकटीवर ताणली. दोन्ही गाठी दोन्ही कडांवर बरोबर बसल्या.

"ही देता का?" ती म्हणाली. मग आवाज खाली आणून, "सासूबाईंनी विचारायला सांगितलंय. कोणी गेलं नाही ना त्या घरात?"

कार्डकाकांनी दोन्ही कार्डं पालथी घातली.

"गेलंय."

"कोण?"

"माझी बायको. ह्या खिडकीशीच." मग उगाच म्हणाले, "कागदावर दवाखान्यात आहे."

तिने सुतळी बोटाला गुंडाळली, सोडली. "फार त्रास झाला?"

"नाही. ऊन येतंय म्हणाली."

ती खिडकीकडे बघत राहिली. "आमची भिंत उत्तरेला आहे," ती म्हणाली. "ऊन नाही यायचं."

टेम्पोतून हाक आली, "विचारलंस का गं?"

"विचारलं!" सून वळून ओरडली. "कोणी नाही म्हणतायत!"

कार्डकाकांनी तोंड उघडलं. अकरा वर्षं जे वाक्य त्यांनी फुकट वाटलं होतं, ते आज त्यांच्याच नावावर आलं होतं. ते खोडावं की त्याबद्दल आभार मानावेत, हे ठरवायला थोडा वेळ हवा होता. पण सुनेने चौकटीचं वरचं टोक उचललंसुद्धा. "खालून धरा ना, काका. ही सुतळी घ्या जरा, मध्ये येतेय." त्यांनी सुतळी घेतली आणि खालून धरलं.

खिडकी टेम्पोत आडवी ठेवली. म्हाताऱ्या बाईंनी मागे वळून नीट पाहिलं, लाकडाला नावं ठेवण्याजोगं काही सापडेना, तेव्हा काखेतली पिशवी काढून सुनेकडे दिली. "कोपऱ्याखाली सार. काच आहे. आणि तू मागेच बस धरून." ड्रायव्हरला त्यांनी तीनदा सांगितलं, की खड्डे बघून.

टेम्पो गेला. धूळ खाली बसल्यावर कार्डकाकांच्या लक्षात आलं, की सुतळी त्यांच्याचकडे राहिली. कार्डकाका अंगणाच्या मधोमध उभे होते. दोन हातांच्या चिमटीत दोन गाठी धरून त्यांनी सुतळी छातीसमोर ताणली होती आणि ती ढिली पडू न देता ते तिच्यापलीकडे बघत होते.