मानेवरचा मळ

अराबाने मुलीची मान खाली दाबली, जाळीच्या घासणीला पुन्हा काळा साबण चोपडला आणि जोर लावला. बासिवा न्हाणीत ओणवी बसली होती. आधी ती "आई, पुरे" म्हणत होती. मग तेही म्हणेनाशी झाली.

"निघत कसं नाही?" अराबा दात-ओठ खात म्हणाली. "निघायलाच पाहिजे."

साबण तिच्याच हातचा होता, कोकोच्या टरफलांची राख आणि पामचं तेल तासन्‌तास घोटून केलेला. मँकेसिमच्या बाजारात बायका तो हुंगून हुंगून नेत. त्या साबणापुढे पोरीच्या मानेवरचा काळा, जाडसर पट्टा ढिम्म हलत नव्हता.

हे सोमवारपासून चाललं होतं. त्या दिवशी शाळेत उपमुख्याध्यापिका क्वानसाबाईंनी मुलींची नखं, कॉलर आणि माना तपासल्या. शाळेच्या नियमाने मुलींचे केस मुळापासून कापलेले, म्हणजे मान झाकायची सोयच नाही. बाईंनी पट्टीच्या टोकाने बासिवाची कॉलर खाली केली.

"साबणवालीची पोर ना तू? मग घरातला साबण काय बाजारापुरताच?"

सगळी रांग खिदळली.

"बाई, मी दिवसातून तीनदा अंघोळ करते," बासिवा म्हणाली.

"मग खोटंही तीनदा बोलत असशील."

शनिवारच्या समारंभात पाहुण्यांच्या स्वागताचं भाषण बासिवा करणार होती. महिनाभर ती ते भांडी घासताना, मक्याच्या केंकेवरची पानं सोलताना, झोपेतही म्हणत होती. बाईंनी ते त्याच जागी काढून घेतलं; मान स्वच्छ झाल्याशिवाय व्यासपीठावर यायचं नाही. बाईंची स्वतःची मान रोज पावडरीने पांढरीफेक असायची. इथल्या बायका न्हाल्या की गळ्याला, मानेला पावडर थापतात. नाहून आल्याचं चारचौघांना दिसायला नको?

गुरुवारी सकाळी मान सोलवटून तिच्यातून पाणी यायला लागलं, तेव्हा कुठे अराबाचा हात थांबला. ती मुलीला घेऊन दवाखान्यात गेली. मलम मागायला, दुसरं काही नाही.

सिस्टर डेडेने मान पाहिली, मग काख पाहिली, आणि मलमाच्या आधी बोटाला सुई टोचली. यंत्रावरचा आकडा तिने दोनदा वाचला.

"ही जखम कुणी केली?"

"मी," अराबा म्हणाली. "मळ निघत नव्हता."

"मळ असेल तर निघेल ना! ही कातडीच जाड झालीय. साखर आवरायला शरीराला फार झटावं लागतं, तेव्हा कुणाकुणाची मान अशी काळी पडते. पोरीचं शरीर ओरडून सांगत होतं, आणि तुम्ही ते घासून पुसायला बसलात."

सिस्टरने मलमाची डबी उघडली.

"घरात कुणाला साखर होती?"

"आईला. पायाची जखम भरलीच नाही तिच्या." मग ती म्हणाली, "ती मानेला कायम फडकं गुंडाळायची. आम्हाला वाटायचं, हौस आहे."

"हिची साखर नुकती वाढायला लागलीय. आवरता येईल. लवकर आलात, ते त्या मानेमुळेच."

सिस्टरने शाळेसाठी चिठ्ठी लिहून दिली. घरी परतताना अराबा झपाझप चालत होती. राग बाईंचा होताच, पण त्याहून जास्त स्वतःच्या हातांचा होता.

शुक्रवारी ती बाईंच्या खोलीत शिरली ती बोलण्याची पुरती तयारी करून. रात्रभर एकेक वाक्य तिने घोटून ठेवलं होतं. लाइट गेलेली, पंखा बंद, खोलीची नुसती भट्टी झालेली. बाईंनी चिठ्ठीवरून नजर फिरवली आणि ती टेबलावर टाकली.

"हल्ली दवाखान्यातून काय वाटेल ते लिहून मिळतं. हे बघ अराबा, आजार वेगळा आणि अस्वच्छता वेगळी. मला पाहिलं की कळतं."

"कळतं?"

"तीस वर्षं माना बघतेय मी."

बोलता बोलता बाईंनी रुमाल काढला आणि मानेवरचा घाम पुसला. रुमाल पांढरा होऊन आला. पुसलेल्या जागी, कॉलरच्या वर, काळा, जाडसर पट्टा होता. मखमलीसारखा. अराबाला तो कुठेही ओळखू आला असता. चार दिवस तिने दुसरं काही पाहिलंच नव्हतं.

तिच्या जिभेवर सगळं तयार होतं. सगळ्या शाळेला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने ती बोलू शकली असती, आणि तिला बोलायचं होतंही. बाईंनी तिची नजर कुठे आहे ते पाहिलं आणि हात मानेवर नेला.

अराबाने टेबलावरची चिठ्ठी उचलली, सरळ केली आणि बाईंच्या पुढ्यात ठेवली.

"सिस्टर डेडे मंगळवारी आणि गुरुवारी बसते. उपाशीपोटी जायचं. आणि पावडर न लावता."

बाईंनी दुसऱ्या हाताने चिठ्ठी जवळ ओढली.

"उद्याचं भाषण बासिवा करणार," अराबा म्हणाली. "उघड्या मानेने."

बाईंनी होकारार्थी मान हलवली. हात अजून तिथेच होता. अराबा दारापर्यंत पोचली तेव्हा मागून आवाज आला, इतका बारीक की तो त्यांचाच आहे हे कळायला तिला क्षणभर लागलं.

"मी दिवसातून तीनदा अंघोळ करते, अराबा."

"बासिवाही तेच सांगत होती, बाई."