आबांच्या टेबलावरचं भुयार

रविवारी दुपारी आकाराम नागाळा पार्कातल्या बंगल्यावर पोचला, तेव्हा पोर्चमध्ये चपलांचा एकच जोड होता. हे काही बरं लक्षण नव्हतं. विजयसिंह आबांच्या पोर्चमध्ये एरवी पाय ठेवायला जागा नसते. जाताना आपली चप्पल सापडली नाही, तर त्यातल्या त्यात बरी बघून पायात सरकवायची, असा तिथला रिवाज. आज मात्र एकच जोड, करकरीत, भिंतीला टेकवून नीट ठेवलेला. आकारामनं तो ओळखला. चन्नवीरचा होता.

तालुक्याच्या खतं-बियाणं विकणाऱ्या संघाची निवडणूक लागली होती. अर्ज माघारी घ्यायचा शेवटचा दिवस उद्या. संघ आबांच्या मुठीत होता, आणि आबांच्या पॅनेलमधल्या सगळ्या जागा ठरल्या होत्या, एक सोडून. त्या एका जागेला दोन अर्ज होते. एक आकारामचा, एक चन्नवीरचा. चन्नवीर सीमेकडचा गुळाचा व्यापारी, आबांकडं येऊन जेमतेम दोन वर्षं झालेली. आकाराम आबांकडं कधी आला, हे त्याला स्वतःलाही सांगता आलं नसतं. मिशी फुटायच्या आधी, एवढं नक्की.

अर्ज भरून माघार घेण्यात आकारामचा हात धरणारा तालुक्यात कुणी नव्हता. दर निवडणुकीला तो वाजतगाजत अर्ज भरी. शेवटच्या दिवशी आबा त्याच्या खांद्यावर हात ठेवत. तो हात पडला की आकाराम सरळ कचेरीत जाऊन सही करी, आणि पुढं विजयाच्या मिरवणुकीत जीपसमोर सगळ्यांत जास्त तोच नाचे. अंगावर गुलाल इतका असे, की नवख्या माणसाला हाच निवडून आलाय असं वाटावं. यंदा मात्र निघताना त्याच्या बायकोनं, शालूबाईनं, चहाचा कप हातात देत एवढंच सांगितलं होतं, की या खेपेला माघार घेऊन आलात तर गुलालाची कापडं मी धुणार न्हाई. तिनं आवाज चढवला नव्हता. चढवला असता तर आकारामला धीर आला असता.

दिवाणखान्यात पडदे ओढलेले होते. एसीचा बारीक आवाज येत होता. मधल्या टेबलावर भुयार मांडलेलं होतं आणि त्याच्या पलीकडं आबा बसले होते, पांढऱ्या बंडीत, हसऱ्या चेहऱ्यानं. शेजारी चन्नवीर.

भुयार म्हणजे खेळ. आबांची धाकटी सून क्रांती बेंगळुरूच्या एका कंपनीचं काम घरात बसून करते, तिनं तो दिवाळीत आणला. खोक्यावर जमिनीखाली उतरत गेलेला एक जिना छापलेला, आणि त्या जिन्याला कठडा नाही. घरच्यांना वाटलं, आबा एकदा बघतील आणि नातवंडांकडं सरकवतील. आबांनी नियम ऐकून घेतले, एक डाव खेळले आणि दुसऱ्या दिवशीच्या सगळ्या भेटी रद्द केल्या.

खेळ सोपा होता, म्हणजे ज्याला राजकारण कळतं त्याला. सुरुवातीला प्रत्येकाला सारखे पत्ते मिळायचे, सगळे मशालजी. हडकुळी माणसं, हातात पलिता. आपल्या गठ्ठ्यातले पाच-पाच पत्ते उचलायचे, त्यांच्या जोरावर भुयारात खोली-खोली उतरायचं आणि वाटेतल्या बाजारातून तगडे पत्ते घ्यायचे. भालदार, तिरंदाज, हत्ती. घेतलेला पत्ता आपल्या गठ्ठ्यात मिसळायचा, म्हणजे पुढं कधीतरी तो हातात येणार. पण गठ्ठ्यात मशालजीच भरलेले असले तर हत्ती वर यायचा कधी? म्हणून भुयाराच्या मध्यावर एक कुंड होतं. तिथं थांबलं की दर फेरीला हातातला एक नकोसा पत्ता जाळता येई, म्हणजे खेळातून कायमचा काढून खोक्यात टाकता येई. तळाच्या खोलीत मुकुट, वाटेत फुटकळ चांदी. वर जिवंत आला त्याचा माल मोजायचा. आणि भुयारात एक काळं जनावर हिंडत असायचं. दर फेरीला ते एक खोली जवळ यायचं, आणि ज्याला गाठलं त्याचा डाव तिथंच संपायचा.

आबांना कुंड फार आवडलं.

दिवाळीपासून या टेबलावर जे जे बसले, त्यांतले बरेचजण हल्ली घरीच असतात. तब्येती उत्तम आहेत. फक्त त्यांचे फोन वाजत नाहीत. आबा त्यांना कधी वाकडा शब्द बोलले नव्हते. ते डाव मांडत आणि समोरचा माणूस खेळताना कसा दिसतो ते बघत, एवढंच.

आकाराम इथं पुष्कळ वेळा बसला होता आणि प्रत्येक वेळी हरला होता. एक तर तो कुंडावर पोचला तरी काही जाळत नसे. क्रांतीनं त्याला दोनदा समजावलं, की हे दुबळे पत्ते काढल्याशिवाय गठ्ठा चांगला होत नाही. आकाराम म्हणाला, वहिनीसाहेब, ह्यांच्याच जिवावर हितवर आलोय की. दुसरं म्हणजे, भुयारात जिथं एकाच माणसापुरती वाट असे, तिथं तो स्वतः पुढं असला तरी आबांची सोंगटी येईपर्यंत थांबे आणि म्हणे, आबा, तुम्ही व्हा पुढं. असा नियम खेळात कुठंच लिहिलेला नव्हता. आकारामला तो कुणी शिकवायची गरज नव्हती.

क्रांतीनं पत्ते वाटले आणि डाव सुरू झाला. जागेचा विषय कुणीच काढला नाही. चन्नवीरनं पावसाची चौकशी केली, आबांनी गुळाच्या दराची. आकारामनं कशाचीच केली नाही. त्याला रुद्रेश आठवत होता. रुद्रेश त्याच्या गावचा, त्याला तात्या म्हणणारा, दोन लेकरांचा बाप. पंधरा दिवस स्वतःच्या मोटरसायकलवर फिरून त्यानं आकारामच्या अर्जासाठी गावोगावची माणसं बांधली होती. त्याच्या बदल्यात आकारामनं त्याला गावच्या सोसायटीचं चेअरमनपद कबूल केलं होतं. या क्षणी तो पारावर फोन हातात धरून बसला असणार.

चन्नवीर हिशेबी खेळला. कुंडावर आला की एक पत्ता जाळायचा, तोंड वाकडं न करता, दुकानातली गुळाची सडकी ढेप काढून टाकावी तसा. मधल्या खोलीतली चांदी त्यानं उचलली आणि तो वळला. तळाकडं बघितलंसुद्धा नाही. चार फेऱ्यांत वर येऊन त्यानं ताकाचा पेला जवळ ओढला.

आबा मात्र खाली उतरत राहिले. शेवटच्या वेळी ते कुंडावर थांबले, तेव्हा त्यांच्याकडं एकच मशालजी उरला होता. त्यांनी तो दोन बोटांत धरला. क्रांती म्हणाली, "आबा, शेवटचा आहे हा. तळाला अंधार असतो. मशालजीशिवाय तिथून हलता येत नाही."

"म्हाईत हाय," आबा म्हणाले, आणि पत्ता खोक्यात टाकला. टाकताना ते पत्त्याकडं बघत नव्हते. आकारामकडं बघत होते.

आकारामनं आपले पत्ते पुन्हा लावून घेतले.

पुढच्या काही फेऱ्यांत आबांनी तळ गाठला, मुकुट उचलला, आणि ते अडकले. हातात पाची पत्ते तालेवार होते, हत्ती होता, भालदार होते. उजेड नव्हता. आकारामची सोंगटी बरोबर एक खोली वर होती, अरुंद जिन्याच्या तोंडाशी. त्याच्या हातात पाचही मशालजी. आणि काळं जनावर क्रांतीनं नियमाप्रमाणं उचलून दोघांच्या शेजारच्या खोलीत आणून ठेवलं. ठेवताना त्याचा टक असा आवाज झाला.

क्रांतीनं नियम वाचला. शेजारच्या खोलीतल्या खेळाडूला आपला एक पत्ता देता येतो. दिलेला पत्ता परत मिळत नाही. मग तिनं पुस्तिका मिटली आणि सरळ आवाजात सांगितलं, की जिन्यावरून एका फेरीत एकच जाऊ शकतो. दोघांपैकी एकच वर येईल.

आबांनी हात पुढं केला. मागितलं नाही, नुसता तळहात उघडून टेबलावर ठेवला.

तो हात आकारामच्या ओळखीचा होता. त्या हातात त्यानं गाडीची किल्ली ठेवली होती, औषधाची गोळी ठेवली होती. आबांच्या थोरल्या लेकाच्या लग्नात स्वतःच्या बैलजोडीचे पैसेही ठेवले होते, आणि ते परत मागायचे असतात हे त्याला कधी सुचलं नव्हतं. त्याचं बोट आपोआप एका मशालजीवर गेलं. पत्ता अर्धा वर आला. आता देणार आणि म्हणणार, तुम्ही व्हा पुढं. मग जनावर आपल्याला खाणार, आबा हसणार, उठताना खांद्यावर हात ठेवणार. उद्या सही. पुढच्या महिन्यात गुलाल.

चन्नवीरनं ताकाचा घोट घेतला.

"न्हाई, आबा," आकाराम म्हणाला.

आबांचा हात तसाच राहिला. "काय न्हाई?"

"पत्ता देत न्हाई. मी जातो वर." त्याचा आवाज त्यालाच परका वाटला. त्यानं मशालजी टाकला आणि सोंगटी जिन्यावर चढवली. सोंगटी एकदा पडली. त्यानं ती उचलून परत ठेवली.

क्रांतीनं जनावर तळाच्या खोलीत सरकवलं आणि आबांची सोंगटी आडवी केली. या घरात ती आडवी झालेली आजवर कुणी बघितली नव्हती. आकाराम रिकाम्या हातानं वर आला होता, म्हणून मालाच्या हिशेबानं चन्नवीर जिंकला. चन्नवीरनं नम्रपणे मान लववली आणि रुमालानं मिशी पुसली.

मग आबा हसले. पोटातून, बंडी हलेपर्यंत. हसून झाल्यावर त्यांनी डोळे टिपले आणि चन्नवीरला म्हणाले, की अण्णा, उद्या तेवढी माघार घेऊन टाका. चन्नवीरची मिशी जागच्या जागी थांबली. आबांनी त्याला समजावलं, की चांदी उचलून पळणारी माणसं माझ्याकडं ढिगानं हायत, त्यांना निवडून आणायचा खर्च कशाला? मला अंधारात सोडून जाणारा अजून मिळाला नव्हता. असला माणूस बाहेर ठेवण्यापेक्षा डोळ्यासमोर बसवलेला बरा.

"आणि आकारामा," ते प्रेमानं म्हणाले, "हे मी ध्यानात ठीवणार हाय बरं का."

आकारामनं हात जोडले. जागा मिळाली होती. शालूबाईचा चेहरा डोळ्यांपुढं आणायचा त्यानं प्रयत्न केला, पण तो धड येईना.

आबा पत्ते गोळा करायला लागले. गोळा करता करता त्यांनी चहाविषयी बोलावं तसं सांगितलं, की चन्नवीरअण्णांना मोकळ्या हातानं पाठवणं बरं दिसत न्हाई. त्यांचा मेव्हणा तुझ्याच गावातला न्हवं? त्याच्यासाठी तुझ्याकडनं एखादी खुर्ची सोडावी लागंल. कुठली, ते तू सांग. जबरदस्ती न्हाई.

आकारामनं विचार करायला हवा होता. निदान चहा येईपर्यंत तरी.

"रुद्रेश," तो म्हणाला. "सोसायटीचा चेअरमन त्यो हुणार हुता."

नाव आधी बाहेर पडलं, माणूस नंतर आठवला. क्रांतीनं मान वर करून त्याच्याकडं बघितलं आणि पुन्हा खोकं लावायला घेतलं. आबांनी स्वतःचा फोन उचलला, नंबर लावला, आवाज मोठा केला आणि फोन टेबलावर, जिथं मघाशी भुयाराचा तळ होता तिथं, आकारामपुढं ठेवला.

पहिल्याच रिंगला रुद्रेशनं उचलला. आबांचा नंबर बघून तो उभाच राहिला असावा, धापा लागल्यासारखा बोलत होता.

"तात्या हायत का तिथं? झालं न्हवं तात्यांचं?"

"झालं," आकाराम म्हणाला. "रुद्र्या, ऐक. सोसायटीचं ह्या खेपेला ऱ्हाऊ दे. पुढं बघू."

पारावरचा गलका ऐकू येत होता. कुणीतरी हलगी गरम करत असावं. रुद्रेशनं त्याला थांबायला सांगितलं. मग म्हणाला, "व्हय तात्या. तुमी म्हणशीला तसं." त्याच्या आवाजात राग नव्हता. आकारामनं तो शोधला, मिळाला नाही.

"आणि तात्या," रुद्रेश म्हणाला, "फटाक्याची माळ आणलीया. ती काय करू?"

आकारामनं आबांकडं बघितलं. आबांनी हळूच मान हलवली.

"लाव," आकाराम म्हणाला.